उशाला पैशांची बॅग

लाँग फ्लाइटमध्ये क्रू झोपतो कुठे, माहितेय? अनेक बोइंग ७७७ विमानांत चक्क तुमच्या डोक्यावर! केबिनच्या छताच्या वर छोटे बंक असतात. तिथे क्रू पाळीपाळीने ताणून देतो. वैमानिकांच्या विश्रांतीचे तास तर डीजीसीएच्या नियमांतच ठरलेत.

मी मूळची जामखेडची. आमच्याकडचा ‘क्रू’ म्हणजे मुक्कामी एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर. रात्री गाडी शेवटच्या गावात लागली की सीटवर सतरंजी, नाहीतर देवळाची ओसरी. कंडक्टरकाकांच्या उशाला तिकिटांच्या पैशांची बॅग! पहाटे पुन्हा कॉलेजची पोरं भरून तालुका गाठायचा.

बॉस, रात्रभर डास मारलेला माणूसच तेव्हा स्टिअरिंगवर असतो. गावाने त्यांना पंख्याची एक खोली दिली, तर ती सोय आपल्याच पोरांसाठी ठरेल.