जुन्या संगणकाची मशागत

शेतकऱ्याच्या घरीं बैल आणावयाचा झाल्यास त्याचे दांत पाहून, चाल पाहून व घटकाभर औताला जुंपून मगच तो घेतला जातो. संगणक आणतांना मात्र हें शहाणपण आपण विसरतों, असें आमच्या पाहण्यांत आहे. सात-बाराचा उतारा, महाडीबीटीवरील अनुदानाचे अर्ज, पीकविम्याचीं कागदपत्रें व सोसायटीचे हिशेब हीं सर्व कामें संगणकावर होऊं लागल्यापासून गांवोगांवीं जुने संगणक जाऊं लागले आहेत. ज्या कुटुंबांचा एक पाय गांवीं व दुसरा लालबाग-परळच्या चाळींत, त्यांच्याकडे असा संगणक बहुधा मुंबईहूनच येतो. एखाद्या कचेरीनें काढून टाकलेला किंवा ग्रँट रोड स्टेशनाजवळच्या बाजारांत विकत घेतलेला संगणक गणपतीच्या सुटींत एसटीनें गांवीं पोहोंचतो. यंत्र आणि माणूस यांच्यामध्यें उभी राहून सर्व कामें चालविणारी जी ‘ऑपरेटिंग सिस्टीम’, ती अशा संगणकांत बहुधा जुनी असते. ती केव्हां व कशी बदलावी, याचा विचार आम्ही आज वाचकांपुढें मांडीत आहों.

हा प्रश्न आतांच कां निघाला :— मायक्रोसॉफ्ट कंपनी आपल्या विंडोज प्रणालीच्या प्रत्येक आवृत्तीस ठराविक काळपर्यंतच दुरुस्त्या पुरविते. विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० रोजीं, विंडोज ८.१ ची १० जानेवारी २०२३ रोजीं व विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. मुदत संपली म्हणून संगणक त्या दिवशीं बंद पडत नाहीं; तो पूर्वीप्रमाणेंच चालतो, आणि त्यामुळेंच लोक गाफील राहतात. कुंपणाला नवें भगदाड पडलें तर तें बुजविणारा कोणी उरत नाहीं, हा खरा फरक. शिवाय क्रोम ब्राउझरनें फेब्रुवारी २०२३ पासून विंडोज ७ व ८.१ यांस नव्या आवृत्त्या देणें बंद केलें; त्यामुळें अशा संगणकावर नवीं संकेतस्थळें हळूहळू नीट उघडेनाशीं होतात. डिजिटल सहीचा सात-बारा काढण्यास १५ रुपये ऑनलाइन भरावे लागतात. रक्कम क्षुल्लक खरी. पण ती भरतांना बँकेचा पासवर्ड त्याच संगणकावर टंकावा लागतो, व त्याच खात्यांत पीककर्ज किंवा उसाचें बिल जमा झालेलें असतें.

संगणकच बदलावा काय :— दुकानदार बहुधा सांगतो कीं, विंडोज १० गेली, आतां नवा संगणक घ्या. यांत अर्धें सत्य आहे. ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं निघालेल्या विंडोज ११ ला चार जीबी रॅम व चौसष्ट जीबी जागा पुरते. परंतु तिला टीपीएम २.० नांवाची सुरक्षा-चीप व नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. इंटेलचा असल्यास तो सामान्यतः आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा, आणि ही आठवी पिढी २०१७ सालीं बाजारांत आली. म्हणजे त्यापूर्वींचे बहुतेक संगणक, कितीही धडधाकट असले तरी, या कसोटीस उतरत नाहींत. मायक्रोसॉफ्टच्या ‘पीसी हेल्थ चेक’ या कार्यक्रमानें आपला संगणक पात्र आहे किंवा नाहीं हें घरच्या घरीं कळतें. पात्र असल्यास व मूळची विंडोज १० अस्सल असल्यास विंडोज ११ फुकट मिळते. तेथें विचार करीत बसूं नये. पात्र नसल्यास मात्र संगणक भंगारांत काढण्याची घाई नको. थकलेला बैल नांगराला चालत नाहीं, तरी कोळप्याला चालतो.

प्रथम जतन, मग बदल :— ‘फॉर्मॅट मारून देतों’ हे शब्द दुकानांत सहज उच्चारले जातात. त्यांचा अर्थ डिस्कवर असेल तें सर्व पुसून टाकणें, असा आहे. महसुली दप्तरांत हयात घालविलेल्या आमच्यासारख्यांस ही घाई चमत्कारिक वाटते. तेथें खातेदार मयत झाला तरी त्याचें नांव खोडून टाकीत नाहींत. त्यास कंस करितात, फेरफाराचा क्रमांक घालतात व मग वारसाचें नांव चढवितात. जुनी नोंद पुढच्या माणसास वाचतां आली पाहिजे, हा त्यांतील हेतु होय. संगणकाच्या बाबतींतही हाच नियम पाळावा. सर्व फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्या. दुसरी प्रत पेनड्राइव्हवर करून ती वेगळ्या घरीं ठेवावी. आणि दोन्ही प्रती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याखेरीज मूळ पुसूं देऊं नये.

येथें मराठी कागदपत्रांची एक विशेष अडचण आहे. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वीं आपल्याकडील मजकूर श्रीलिपी, शिवाजी किंवा पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या योगेशसारख्या फॉन्टांत टंकिला जात असे. त्या फायलींत प्रत्यक्ष सांठविलेलीं असतात तीं रोमन अक्षरें व चिन्हें. त्यांवर मराठी रूप चढवितो तो फॉन्ट. नवी प्रणाली घालतांना जुना फॉन्ट गेला, कीं वार्षिक अहवाल, सभेचीं इतिवृत्तें व सभासदांच्या याद्या एका क्षणांत अर्थहीन चिन्हांच्या रांगा होऊन बसतात. फाइल शाबूत असते, पण वाचतां येत नाहीं. म्हणून फॉन्टांचा फोल्डरही फायलींबरोबर उतरवून घ्यावा, व महत्त्वाच्या कागदांची एक पीडीएफ प्रत काढून ठेवावी. पुढील सर्व लेखन युनिकोडमध्येंच करावें, म्हणजे पुढच्या बदलाच्या वेळीं ही पाळी येणार नाहीं.

खरेदीची पारख :— गिरगांवाहून पायीं जातां येईल अशा अंतरावर लॅमिंग्टन रोड आहे. १९०३ ते १९०७ या काळांत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचें नांव या रस्त्यास पडलें. आज त्याचें अधिकृत नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असें आहे. संगणकाचा सुटा भाग न् भाग तेथें मिळतो. तेथें जुना संगणक घेतांना चार गोष्टी पाहाव्या. पहिली, पावती. दुसरी, पूर्वींच्या मालकाचें खातें, पासवर्ड किंवा कंपनीचें कुलूप संगणकावर राहिलेलें नाहीं याची खात्री. तिसरी, प्रोसेसरची पिढी. दुकानाच्या तोंडी शब्दावर न राहतां ती ‘सेटिंग्ज’मधील माहितीच्या पानावर स्वतः वाचावी. चौथी, विंडोज अस्सल आहे कीं चोरीची. चोरीची विंडोज चालू करण्यास जे उपद्व्यापी कार्यक्रम वापरतात, त्यांच्यांतूनच पुष्कळदां विषाणू शिरतो.

जुन्या संगणकांत फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असल्यास ती काढून २५६ जीबीची एसएसडी बसवावी. या एका बदलानें संगणक जेवढा चपळ होतो, तेवढा दुसऱ्या कशानेंही होत नाहीं. रॅम चार जीबी असल्यास आठ करावी. मात्र डीडीआर ३ च्या खांचेंत डीडीआर ४ ची पट्टी बसत नाहीं, म्हणून जुनी पट्टी बरोबर नेऊन तशीच मागावी.

लिनक्सचा मार्ग :— विंडोज ११ न चालणाऱ्या संगणकास विंडोज १० वरच ठेवल्यास मायक्रोसॉफ्टची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच आहे. कायमची सोय म्हणून लिनक्सचा विचार करावा. फिनलंडमध्यें शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं तिचा पाया घातला. ती फुकट असून कायदेशीर आहे. केरळांतील शाळांत मुलें लिनक्सवरच संगणक शिकतात. नवशिक्यांस लिनक्स मिंट ही आवृत्ती सोयीची पडते. २०२४ सालीं निघालेल्या मिंट २२ ला दुरुस्त्या २०२९ पर्यंत मिळणार आहेत, व दोन जीबी रॅमवरही ती उभी राहते. चार असल्यास उत्तम. तींत मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक आहे, आणि लिबरऑफिस हा कार्यक्रम वर्ड व एक्सेलच्या फायली उघडतो.

तिचा मोठा गुण असा, कीं पेनड्राइव्हवरून ती डिस्कला हात न लावतां चालवून पाहतां येते. औताला जुंपून पाहण्यासारखेंच हें आहे. दोन दिवस अशी चालवावी. वायफाय लागतें काय, प्रिंटर छापतो काय, मराठी टंकतां येतें काय, सात-बारा निघतो काय, हें सर्व पाहून मगच ती कायमची बसवावी. बसवितांना वीज जाऊन काम अर्ध्यावर राहूं नये, यासाठीं लॅपटॉपची बॅटरी भरून घ्यावी किंवा यूपीएस लावावा.

परंतु एक इशारा दिलाच पाहिजे. सोसायटीचे हिशेब टॅलीवर असल्यास टॅली ही विंडोजची आहे, हें ध्यानांत ठेवावें. डिजिटल सहीचें टोकन व अंगठ्याचें यंत्र यांचेंही लिनक्सशीं जुळेलच असें नाहीं. अशा संस्थेनें हिशेबाच्या कामास विंडोज ११ चा एक पात्र संगणक ठेवावा, व जुना संगणक लिनक्स घालून अर्ज, उतारे, पत्रव्यवहार व मुलांचा अभ्यास यांस द्यावा. दोहोंचा खर्च दोन नव्या संगणकांहून पुष्कळ कमी येतो.

शेवटीं प्रत्येक संस्थेनें एक साधी वही घालावी. कोणत्या तारखेस कोणती प्रणाली बसविली, प्रती कोठें ठेवल्या, कोणता फॉन्ट वापरला व काम कोणी केलें, हें तींत लिहावें. चिटणीस बदलतात, संगणक बदलतात. वही असली म्हणजे नव्या माणसास अंधारांत चांचपावें लागत नाहीं. ज्या सभासदांनीं असा बदल केला असेल, त्यांनीं आपला अनुभव, विशेषतः कोणता प्रिंटर व कोणतें अंगठ्याचें यंत्र लिनक्सवर चाललें ही माहिती, मासिकाकडे अवश्य कळवावी, म्हणजे तिचा इतर गांवांस उपयोग होईल.