ग्राइंडरच्या ठिणग्या: कार्बन बदलण्याआधी कम्युटेटर पाहा

दापोडीपासून चाकणपर्यंतच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये ग्राइंडर ठिणग्या टाकू लागला की पहिला उपाय ठरलेला: कार्बन, म्हणजे कार्बन ब्रश, बदला. माझ्या मते हा अर्धवट इलाज आहे. ब्रशच्या कडेला बारीक निळसर ठिणगी दिसणं ग्राइंडरच्या मोटरमध्ये स्वाभाविकच. पण कम्युटेटरभोवती आगीचं कडं फिरत असेल तर दोष बहुधा आर्मेचरमध्ये असतो. पुरावा कम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांवरच सापडतो. सगळ्या पट्ट्या सारख्या तपकिरी असतील तर ठीक. शेजारशेजारच्या एक-दोनच जळून काळ्या पडल्या असतील तर त्यांना जोडलेली कॉइल तुटलेली असण्याची शक्यता मोठी. मल्टिमीटरने शेजारशेजारच्या पट्ट्यांच्या प्रत्येक जोडीचा रोध मोजा. आकडा फार लहान येतो, पण तो सगळीकडे सारखा हवा. एखाद्याच जोडीत तो वेगळा आला, तर नवा कार्बनही लवकर झिजणार.

कुणी म्हणेल, कार्बन बदलल्यावर ठिणग्या थांबतात की! थांबतात, कारण जुना ब्रश आखूड झाल्याने स्प्रिंगचा दाब कमी पडलेला असतो. तेवढाच दोष असेल तर काम झालं. उलट, नवा ब्रश कम्युटेटरच्या गोलाईला बसेपर्यंत थोड्या ठिणग्या टाकतोच, म्हणून आधी मशिन काही मिनिटं विनाभार चालवा. पट्ट्यांमधला अभ्रक वर आला असेल तर तो खाली कोरावा लागतो. एमरी पेपर मात्र वापरू नका, त्याचे कण खाचांत अडकतात. आणि मशिन चालवून पाहणं सोडलं तर हे सगळं प्लग काढूनच.