वाढदिवस घरातला, सजावट हातची

"काकू, या वर्षी माझा वाढदिवस नको करायला."

मागच्या वर्षी माझा पुतण्या असं म्हणाला, तेव्हा मी त्याच्याकडे बघतच राहिले. दुसरीतला मुलगा. एरवी दोन महिने आधीपासून कॅलेंडरवर खुणा करणारा. कारण विचारलं तर म्हणे, "उगाच." दोन दिवसांनी उलगडा झाला. त्याच्या वर्गातल्या एका मुलाचा वाढदिवस हॉल घेऊन साजरा झाला होता. दारात फुग्यांची कमान, आत जादूचे प्रयोग, निघताना प्रत्येकाच्या हातात भेटवस्तूंची पिशवी. आमचे धाकटे दीर भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. पुढची खोली दहा फूट बाय बारा फूट. मुलानं मनातल्या मनात हिशेब केला आणि आईबाबांची पंचाईत नको म्हणून स्वतःच नको म्हणून टाकलं.

माझ्या धाकट्या जावेच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "ताई, सजावटवाल्यानं आकडा सांगितलाय. ह्यांच्या मित्राकडून उसने घेऊ का?" मी म्हटलं, "उसने पैसे घेऊ नकोस. मला आठ दिवस दे, रोज संध्याकाळी अर्धा तास. आणि तो अर्धा तास मुलगाही आपल्याबरोबर बसला पाहिजे."

त्या आठ दिवसांत आम्ही काय केलं, ते आज सांगणार आहे. पण आधी एक गोष्ट स्पष्ट करते. घरी केलेली सजावट स्वस्त पडते, हे खरं. पण आई रात्री बारा वाजेपर्यंत एकटीच कागद कापत बसली, तर ती स्वस्त कशी म्हणायची? पैसे वाचले, पण त्यांची भरपाई आईच्या पाठीनं केली. सजावट ज्याच्यासाठी आहे त्याचा हात तिला लागला, तरच ती खरी घरची. मग पताका थोड्या वाकड्या झाल्या तरी चालतं.

आमच्या लहानपणी वाढदिवस म्हणजे सकाळी डोक्याला तेल लावून अंघोळ, नवे कपडे, पाटाभोवती रांगोळी, औक्षण आणि गोडाचा शिरा. पुष्कळ घरांत तो तिथीनं व्हायचा. त्यातही सजावट होतीच; फक्त ती घरातल्या माणसांनी, घरातल्या वस्तूंनी केलेली असायची. त्या काळाकडे परत जा, असं मी म्हणणार नाही. मुलांना मित्र हवेत, केक हवा, फुगे हवेत. त्यात चूक काहीच नाही. पण घरच्या वस्तूंची ती युक्ती आजही उपयोगी पडते.

तर पहिल्या संध्याकाळी आम्ही कात्रीला हात लावला नाही. फक्त तीन गोष्टी ठरवल्या. मुलं किती? खोलीत दहा जण सुखानं बसतात, म्हणून दहा. वेळ किती? पाच ते सात. या वयाच्या मुलांना दोन तास पुरतात; त्यापुढे कंटाळा आणि भांडणं सुरू होतात. तिसरी गोष्ट म्हणजे, मुलाला सगळ्यात काय आवडतं? एकच विषय घेतला की सजावटीला शिस्त येते आणि खर्चाला आळा बसतो. नाहीतर दुकानात जे जे दिसेल ते ते घ्यावंसं वाटतं. पुतण्याचं उत्तर तयार होतं, "रेल्वे!" मग खोलीचं स्टेशन करायचं ठरलं. खोली लहान असल्याची खंत तिथेच अर्धी कमी झाली, कारण रेल्वेचा डबा तरी कुठे मोठा असतो?

दुसऱ्या दिवशी सामान आणलं. घोटीव कागदाचे चार ताव, पतंगाच्या कागदाचे लाल आणि हिरवे ताव, सुतळीचा एक गुंडा. किराणा दुकानदाराकडून दोन रिकामी खोकी मागून घेतली. जुन्या कॅलेंडरची पानं घरात होतीच. डिंकाच्या बाटलीऐवजी खळ केली. दोन चमचे मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवायचा, तो कपभर उकळत्या पाण्यात ओतायचा आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. मिश्रण दाट आणि जरा पारदर्शक झालं की खळ तयार. ती दोन दिवस टिकते, मग आंबते. म्हणून थोडी थोडी करावी. पूर्वी खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालत. मुलं हात लावणार असतील तर तो मुळीच घालू नका, तो विषारी असतो.

आता पताका. आमचे ताव वीस इंच बाय तीस इंचांचे होते. ताव उभा, मग आडवा, असा चार वेळा अर्ध्यात दुमडला की सोळा सारखे तुकडे होतात, प्रत्येक पाच इंच रुंद आणि साडेसात इंच लांब. चार तावांचे चौसष्ट. खालच्या बाजूला त्रिकोणी खाच कापायची, वरची अर्धा इंच कड सुतळीवर दुमडून खळीनं चिकटवायची. दोन पताकांमध्ये दोन इंच मोकळे सोडले की एका पताकेला सात इंच सुतळी लागते. म्हणजे चौसष्ट पताकांची माळ सुमारे सदतीस फूट झाली. दहा बाय बाराच्या खोलीच्या तीन भिंती मिळून चौतीस फूट होतात. थोडा झोल देऊन माळ अगदी बेताची बसली. हा हिशेब पुतण्यानं स्वतः पाटीवर मांडला. सात गुणिले चौसष्ट करताना दोनदा चुकला, पण सोडून दिलं नाही.

माळा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, खोलीच्या मधोमध लावायचा मोह होतो. तो टाळा. आपल्याकडे छताला मध्ये पंखा असतो, आणि दहा मुलं जमली की तो लावावाच लागतो. पताका भिंतीलगतच बऱ्या. भाड्याच्या घरात आणखी एक काळजी असते. भिंतीला चिकटपट्टी लावली की काढताना रंगाचे पोपडे निघतात आणि घरमालकाची बोलणी खावी लागतात. म्हणून आम्ही एकही चिकटपट्टी वापरली नाही. खिडकीचे गज, पडद्याचा दांडा, कपाटाची मूठ, कॅलेंडरचा आणि घड्याळाचा खिळा, एवढ्यावर सगळी माळ पेलली. हे काम दिरांनी केलं. स्टुलावर चढलेल्या बाबांना खालून सूचना देताना मुलाला जो आनंद होत होता, तो कुठल्या हॉलमध्ये मिळाला असता?

चौथी भिंत केकच्या मागची, म्हणजे फोटोत येणारी. तिथे सासूबाईंची जुनी, हिरव्या काठाची साडी दुहेरी करून पडद्याच्या दांड्यावर टाकली आणि वर कपड्यांचे चिमटे लावले. तिच्यावर पतंगाच्या कागदाची लाल-हिरवी फुलं, म्हणजे आमचे सिग्नल. हे फूल करायला सोपं आहे. कागदाचे सहा थर एकावर एक ठेवायचे, हातपंख्यासारख्या बारीक घड्या घालायच्या, मधोमध दोऱ्यानं घट्ट बांधायचं, दोन्ही टोकं कात्रीनं गोल करायची आणि मग एकेक थर अलगद वर ओढायचा. घोटीव कागद यासाठी घेऊ नका. तो कडक असतो, पाकळ्या फाटतात.

सगळ्यात रंगली ती स्टेशनची पाटी. कॅलेंडरच्या पानावर पिवळा कागद चिकटवून काळ्या अक्षरांत लिहिलं, 'आठवा वाढदिवस'. रेल्वेच्या पाटीवर खाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, हे पुतण्याच्याच लक्षात होतं. मग त्याला दाराच्या चौकटीला उभं केलं, टेपनं मोजलं आणि पाटीवर खाली लिहिलं, 'उंची १२१ सें. मी.' दोन खोक्यांचं इंजिन झालं. ताटली ठेवून काळ्या कागदाची चाकं कापली. निमंत्रणं म्हणजे तिकिटं. ती कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर त्यानं स्वतः लिहिली. वर्तमानपत्राच्या टोप्या केल्या. घड्या घालून अशा टोप्या कशा करायच्या हे आठवत नसेल, तर अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्यावर जे विपुल काम केलं आहे त्यात ते सापडेल. त्यांची पुस्तकं मराठीतही आहेत.

आता फुग्यांविषयी थोडं. रबराचा फुगा मायकेल फॅरडे यांनी १८२४ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये केला, तो हायड्रोजनवरच्या प्रयोगांसाठी. म्हणजे फुग्याचा जन्म खेळण्यासाठी झालाच नव्हता! हायड्रोजन हवेपेक्षा हलका, म्हणून फुगा वर जातो. पण तो पेटही पटकन घेतो. वर तरंगणाऱ्या स्वस्त फुग्यांत हाच वायू असू शकतो. केकवरच्या मेणबत्त्या आणि असे फुगे एका खोलीत नकोत. तोंडानं किंवा पंपानं फुगवलेले दहा-बारा फुगे पुरेत. फुटलेल्या फुग्याचे तुकडे मात्र लगेच उचला. लहान मूल ते तोंडात घालतं आणि श्वास अडकतो. केक कापताना अंगावर फेस उडवायची टूम निघाली आहे, तीही टाळा. त्या डब्यांत बहुधा ज्वालाग्राही वायू भरलेला असतो, आणि मेणबत्तीजवळ उडालेला फवारा पेटू शकतो. कागदी सजावटीचीही तीच गोष्ट. निरांजन आणि मेणबत्त्या पडद्यापासून, फुलांपासून हातभर लांब ठेवा.

थर्माकोलची अक्षरं आणि आकडे आता विसरायला हवेत. महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ साली बंदी आली. पुढे १ जुलै २०२२ पासून देशभर सजावटीचं थर्माकोल, फुग्यांना लावायच्या प्लॅस्टिकच्या काड्या आणि एकदा वापरून फेकायची प्लॅस्टिकची ताटं, पेले, चमचे यांवर बंदी आहे. आठचा आकडा आम्ही दारात रांगोळीनं काढला. तो कायद्यालाही चालतो आणि पायपुसण्यानंही निघतो.

खाण्याचा बेतही विषयाला धरूनच केला. रेल्वेत मिळते तशी कागदी पुड्यांतली भेळ, भाजलेले शेंगदाणे, लिंबाचं सरबत आणि घरी केलेला रव्याचा केक. खेळ दोनच. एक स्टेशनांच्या नावांची अंताक्षरी, दुसरा शिट्टी वाजली की जागा पकडायची. जाताना हातात टोपी आणि एक पुडा. सजावटीचा सगळा खर्च दोनशे रुपयांच्या आत राहिला.

त्या संध्याकाळी दारात तिकीट तपासायला पुतण्या स्वतः उभा होता, डोक्यावर वर्तमानपत्राची टोपी घालून. मुलं आत आली आणि त्यांनी आधी विचारलं, "हे कुणी केलं?" तो म्हणाला, "आम्ही." मग एकेक पताका दाखवत सुटला. ही बाबांची, ही आजीची, ही वाकडी माझी. ज्याचा वाढदिवस हॉलमध्ये झाला होता तो मुलगाही आला होता. तो बराच वेळ इंजिनाच्या खोक्यात बसून होता, बाहेर यायलाच तयार नव्हता. शेवटी सासूबाईंनी पाट मांडला, नातवाला कुंकू लावलं, सुपारी आणि अंगठी त्याच्याभोवती ओवाळली, निरांजनानं औक्षण केलं. जमलेल्या मुलांतल्या काहींनी औक्षण पहिल्यांदाच पाहिलं. एकानं विचारलं, "आजी, मलापण?" आजींनी त्या सगळ्या आगगाडीला ओळीनं ओवाळलं.

मोठा समारंभ करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. ज्याला परवडतं त्यानं जरूर करावा. पण एका घरच्या समारंभाचं ओझं दुसऱ्या घरच्या मुलाच्या मनावर पडतं आणि सात-आठ वर्षांचं पोर आपला आनंद परस्पर रद्द करून टाकतं. त्याचं उत्तर म्हणून कर्ज काढण्यात अर्थ नाही. मुलाला खर्चाशी बरोबरी नको असते. मित्रांना अभिमानानं घरी बोलावता यावं, एवढंच त्याला हवं असतं. आणि तो अभिमान स्वतःच्या हातांनी काहीतरी केल्यावर येतो.

दुसऱ्या दिवशी पुतण्यानं पताकांची माळ नीट गुंडाळून इंजिनाच्याच खोक्यात ठेवली. धाकट्या बहिणीच्या वाढदिवसाला लागेल म्हणाला. पाटी मात्र त्यानं काढू दिली नाही. ती अजून दारामागे आहे, आणि या वर्षी तिच्याखाली नवी उंची लिहायची आहे.

तुमच्याही घरात कुणाचा वाढदिवस जवळ आला असेल, तर आठ दिवस आधी घोटीव कागदाचे चार ताव आणा, मुलाला शेजारी बसवा आणि विचारा, "या वर्षी खोलीचं काय करायचं?"

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)