धूर दिसत नाही तेव्हा : घरी सायलेन्सर बसवताना शिकलेलं तर्कशास्त्र

संयोजकांनी मला ‘ज्ञान आणि कृती’ असा विषय दिला होता. चाळीस वर्षं वर्गात तत्त्वज्ञान शिकवल्यामुळे या विषयावर मी कितीही वेळ बोलू शकतो, आणि तीच खरी अडचण आहे. (हशा) म्हणून आज बोलायचं ते एका गंजलेल्या सायलेन्सरबद्दल. तो मी निवृत्तीनंतर माझ्या जुन्या छोट्या गाडीला स्वतःच्या हातांनी बसवला, आणि त्यात एक चूक केली. त्या चुकीपर्यंत आपण हळूहळू जाऊ.

आधी वस्तू समजून घेऊ. आपण ज्याला सरसकट ‘सायलेन्सर’ म्हणतो ती खरं तर एक साखळी आहे. इंजिनातून जळलेला वायू आधी मॅनिफोल्डमध्ये येतो, मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातो. तिथे विषारी कार्बन मोनॉक्साइडचा बराचसा भाग कार्बन डायऑक्साइड होतो. पुढे मधली नळी, आणि शेवटी मागच्या बंपरखाली लटकलेला डबा, म्हणजे मफलर. डब्यात आवाजाच्या लहरी आतल्या भिंतींवर आपटून एकमेकींना मारतात आणि गाडी शांत होते. सगळ्यात आधी गंजतो तो हाच डबा, कारण तो इंजिनापासून सर्वांत लांब म्हणून सर्वांत थंड, आणि वायूतली वाफ तिथेच पाणी होऊन साठते. छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या पेन्शनरांच्या गाडीत हे जास्त होतं, कारण ते पाणी वाळण्याइतकी गाडी तापतच नाही.

मूळ कंपनीचा डबा मिळेना, म्हणून बाजारात मिळणारा पर्यायी डबा आणला. माझा नातू म्हणाला, “आजोबा, जरा दणदणीत आवाजाचा आणा ना!” त्याला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. आवाजाची आणि धुराची मर्यादा ओलांडणारी गाडी रस्त्यावर आणली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार पहिल्याच वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कन्व्हर्टर काढून टाकणं तर आपल्याच शेजाऱ्याच्या नाकाशी केलेली बेइमानी आहे. म्हणून मूळ मापाचा, मूळ आवाजाचाच डबा घ्यायचा.

आता काम. पहिला नियम, इंजिन पूर्ण गार पाहिजे. दुसरा नियम जिवाशी संबंधित आहे. जॅक हे उचलण्याचं साधन आहे, धरून ठेवण्याचं नाही. गाडीखाली जायचं तर पक्क्या, सपाट जमिनीवर, दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड लावूनच. आणि इथे एक गंमत आहे. बहुतेक छोट्या गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो. मागची चाकं उचलली की तो निरुपयोगी! म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावायचे आणि गाडी गिअरमध्ये ठेवायची. ‘हँडब्रेक ओढला आहे’ हे विधान खरं असूनही आपण सुरक्षित नसतो, एवढं लक्षात ठेवा.

गंजलेले नट जोर लावून सुटत नाहीत, तुटतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं, सकाळी तारेच्या ब्रशनं आटे साफ करायचे. मग पाना आधी किंचित आवळण्याच्या दिशेला, मग सोडण्याच्या, असं मागे-पुढे करत जायचं. ज्योत लावून तापवायचा मोह होतो. करू नका. पेट्रोलची टाकी हातभर अंतरावर असते.

डबा रबराच्या कड्यांवर लटकलेला असतो. त्या कड्यांना साबणाचं पाणी लावलं की त्या सुटतात. पण शेवटची कडी काढण्याआधी डब्याखाली खोकं ठेवा, नाहीतर तो छातीवर येतो.

नवा डबा बसवताना नवशिक्याची घाई अशी असते की पहिला सांधा दिसला की तो करकचून आवळायचा. मग शेवटचं टोक बंपरला घासतं. योग्य रीत उलटी आहे. सगळं सैल जोडायचं, नवं पॅकिंग घालायचं, रबरांवर टांगायचं, कुठे काही टेकत नाही ना ते पाहायचं, आणि मग पुढून मागे एकेक सांधा आवळत जायचं. जागा सोडायची ती का? दोन मीटर लांबीची पोलादी नळी ३०० अंशांनी तापली, तर सुमारे ७ मिलिमीटर वाढते. गार गाडीत जे नुसतं जवळ असतं, ते तापल्यावर ठोकायला लागतं.

मग गाडी उघड्यावर सुरू करायची. बंद पार्किंगमध्ये कधीही नाही. सांध्यांवर साबणाचं पाणी टाकायचं. बुडबुडे आले तर गळती आहे. मी हे सगळं केलं. एकही बुडबुडा नाही. हात धुतले, चहा घेतला, आणि पुढच्या रविवारी आम्ही दोघं साताऱ्याला निघालो.

पाऊस होता, काचा बंद होत्या. शिरवळच्या आसपास हिचं डोकं दुखायला लागलं. मी म्हटलं, उपाशी निघालीस म्हणून. ती म्हणाली, वास येतोय. मी म्हटलं, पुढच्या ट्रकचा. खंबाटकी घाटात मळमळायला लागलं, मी म्हटलं, वळणांमुळे. प्रत्येक वेळी माझ्याकडे कारण तयार होतं. पाचवडजवळ ती शांतपणे म्हणाली, “घाट संपून किती वेळ झाला, ट्रकही केव्हाच गेला. काच खाली केली की जरा हलकं वाटतं, लावली की परत सुरू होतं. गाडी थांबवा.”

न्यायशास्त्रात याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. एक असताना दुसरं असणं, नसताना नसणं. मी ते शेकडो विद्यार्थ्यांना शिकवलं. गाडीत ते वापरलं तिनं.

वाकून पाहिलं, तर नव्या सांध्यावर काजळीचा काळा पट्टा. वायू तिथून निसटून, डिकीच्या जुन्या, चिरलेल्या रबरातून आत येत होता. आम्ही खाली उतरलो, मोकळ्या हवेत बसलो, आणि मेकॅनिकला तिथेच बोलावून घेतलं. त्यानं मला एकच प्रश्न विचारला. “सर, एकदा तापून गार झाल्यावर क्लॅम्प परत आवळला होता का?”

नव्हता. तापल्यावर धातू प्रसरण पावतो आणि पॅकिंग दबून बसतं, त्यामुळे पहिल्या फेरीनंतर सांधा सैल होतो. प्रसरणाचा आकडा मला पाठ होता. त्याचा अर्थ हाताला माहीत नव्हता. गिल्बर्ट राइलनं १९४९ च्या ‘द कॉन्सेप्ट ऑफ माइंड’मध्ये ‘काय आहे’ हे जाणणं आणि ‘कसं करावं’ हे जाणणं यांत जो भेद केला, तो मला पाचवडच्या रस्त्याकडेला कळला.

आपले नैयायिक म्हणत, धूर आहे तिथे अग्नी आहे. पण उलट खरं नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. मी त्याहून पुढची चूक केली होती. धूर दिसत नाही, म्हणून वायूही नाही, असं मानलं. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, स्वतःचा वासही नसतो.

शेवटी एका श्रोत्यानं विचारलं, “मग सर, हे काम घरी करावं की नाही?” करावं. हात काळे झाल्याशिवाय काही गोष्टी कळत नाहीत. पण पहिल्या तापण्यानंतर सांधे परत आवळा, एकदा जाणत्या मेकॅनिककडून तपासून घ्या. आणि शेजारी बसलेलं माणूस डोकं दुखतंय म्हणालं, तर कारण सांगत बसू नका. आधी गाडी थांबवा, दार उघडा, खाली उतरा. कारण नंतर शोधता येतं.