‘चार बोल्टचं काम’ आणि वर गेलेली गाडी

पावसाने रस्ते उखडले की कुरुदमध्ये हा संवाद सुरू होतोच. (धमतरीकडचं कुरुद नव्हे, भिलाईतलं.) गाडीचं पोट गतिरोधकाला घासतं, कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढून दाखवतो आणि सांगतो, “काका, गाडी उंच करणारं लिफ्ट किट मागवा. रविवारी घरीच बसवू, चार बोल्ट का काम है!” सांगणाऱ्याने स्टेपनी बदलण्यापलीकडे कधी पाना धरलेला नसतो.

बोल्ट खरंच मोजकेच आहेत, तिथेच माणूस फसतो. स्विफ्टसारख्या गाडीत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअप आणि त्याच्याभोवती दाबून बसवलेली स्प्रिंग. स्प्रिंगला जागेवर धरतो तो वरचा मधला नट. स्प्रिंग कॉम्प्रेसर न लावता तो सोडला तर काय होतं, याचं गणित शाळकरी आहे. एक मिलिमीटर दाबायला दोन किलो जोर लागणारी स्प्रिंग दहा सेंटिमीटर दाबलेली असली, तर नटावर दोनशे किलोचा ताण असतो. आत साठलेली ऊर्जा असते दहा किलोचं वजन मीटरभर उंचीवरून पडावं एवढी, आणि ती सुटते क्षणात, बहुधा तोंडाच्या दिशेने. कॉम्प्रेसर लावला म्हणून निर्धास्त होता येत नाही. त्याचे दोन हूक समोरासमोर हवेत आणि दोन्ही बाजू थोड्या थोड्या, सारख्याच आवळाव्या लागतात. व्हिडिओत हा भाग पळवलेला असतो.

समजा, स्प्रिंग नीट बसली. पण सस्पेन्शनचा प्रत्येक कोन कंपनीने एका ठरावीक उंचीसाठी आखलेला असतो. गाडी दोन इंच वर गेली की लोअर आर्म खाली झुकतात, टाय रॉडचा कोन बदलतो, टो आणि कॅम्बर हे चाकांचे कोन बिघडतात. टायर एका कडेने झिजू लागतात. जिम्नीसारख्या पुढेही अखंड एक्सल असलेल्या गाडीत कास्टर कमी होतो, म्हणजे वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ यायला कुरकुरतं आणि वेगात गाडी भरकटल्यासारखी वाटते. शिवाय एक्सलला आडवं धरणाऱ्या पॅनहार्ड रॉडमुळे एक्सल किंचित एका बाजूला सरकतो. चाक पूर्ण खाली लटकलं की ब्रेकचा रबरी होज आणि एबीएसची वायर ताणली जाते. काही जुन्या गाड्यांत आणि पिकअपमध्ये मागचा भार ओळखून ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. मागची बाजू उचलली की तो गाडी रिकामी समजतो आणि मागचे ब्रेक हलके करतो. यातलं एकही नुकसान रविवारी संध्याकाळी दिसत नाही. फोटोत गाडी झकास दिसते.

आणि एक बारीक गोष्ट, जी नवखा हमखास चुकवतो. रबरी बुश असलेले बोल्ट गाडी हवेत लटकत असताना पक्के आवळायचे नसतात. चाकं जमिनीवर आणून, गाडीचं वजन बसल्यावर शेवटचा टॉर्क द्यायचा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

“पण खालची जागा तर वाढते ना?” पोटाखाली वाढते. मात्र जिप्सीसारख्या अखंड एक्सलच्या गाडीत किंवा थारच्या मागच्या बाजूला डिफरन्शियल एक्सलवरच असतो आणि एक्सलची उंची ठरते टायरवर. स्प्रिंगखाली हवे तेवढे तुकडे घाला, डिफरन्शियल होता तिथेच. त्याची उंची वाढवायला टायरच मोठा लागतो आणि टायरचा व्यास इंचभर वाढला तरी हाती येतो अर्धा इंच. पाट्याच्या स्प्रिंगला लांब शॅकल लावणाऱ्यांचं गणितही असंच फसतं: शॅकल दोन इंच लांब, तर गाडी साधारण एकच इंच वर.

“भिलाईत लोखंडाला काय तोटा? लेथवर स्प्रिंगखालचे स्पेसर काढून घेऊ.” पोलादाच्या गावात राहून पोलाद कळत नाही, त्याला काय म्हणावं? साधं माइल्ड स्टील म्हणजे स्प्रिंग स्टील नव्हे. स्प्रिंगला वेल्डिंगचा ताव लागला की तिथलं टेम्परिंग गेलं. जुने यू-बोल्ट एकदा ताणले गेले की पुन्हा वापरू नयेत.

“जॅक आहे ना, पुरे.” जॅक उचलण्यासाठी असतो, खाली शिरण्यासाठी नाही. जॅक स्टँडच हवेत. विटा तर नकोतच, त्या सूचना न देता फुटतात.

“उंच गाडी जास्त सुरक्षित.” अमेरिकेची वाहन सुरक्षा संस्था उलटण्याचा धोका मोजताना दोन चाकांमधल्या रुंदीच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागते. उंची वाढली की हा आकडा घटतो, म्हणजे उलटण्याचा धोका वाढतो.

“आरसीत उंची लिहिलेलीच नाही, कोण पकडणार?” मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182 अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघात झाला तर विमा कंपनीही हाच मुद्दा काढू शकते.

मग करायचं काय? बऱ्याच जुन्या गाड्या मुळात खाली बसलेल्या असतात, कारण स्प्रिंग थकलेली असते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही बाजूंना मोजा आणि त्याच मॉडेलच्या नव्या गाडीशी ताडून पाहा. फरक असेल तर कंपनीच्याच मापाच्या नव्या स्प्रिंग गॅरेजमध्ये बसवून घ्या. आणि ज्यांनी घरी किट चढवलंच आहे, त्यांनी आधी व्हील अलाइनमेंट करावी, ब्रेकचे होज कोणा जाणत्या मेकॅनिककडून तपासून घ्यावेत, बोल्ट पुन्हा टॉर्कवर आवळावेत आणि हेडलाइट खाली करून घ्यावेत. नाहीतर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.