दहा नावं आणि एक झाडू

शेफील्ड म्हटलं की आठवतं पोलाद, नाहीतर सुऱ्या-कात्र्या. याच शहरातल्या एंडक्लिफ पार्कमध्ये, कॅफेमागच्या झाडीच्या चढावर, एक ओबडधोबड शिळा बसवलेली आहे. आपल्याकडच्या वीरगळावर निदान लढाई तरी कोरलेली असते. इथे साधा फलक, त्यावर दहा नावं.

हे दहाजण अमेरिकन. त्यांच्या बी-17 बॉम्बरचं नाव ‘मी आमिगो’. त्यातला ‘मी’ मराठी वाचकाला क्षणभर चकवतो. स्पॅनिशमध्ये अर्थ ‘माझा मित्र’. 22 फेब्रुवारी 1944 रोजी हे विमान इंग्लंडमधल्या चेल्व्हस्टनच्या तळावरून डेन्मार्कमधल्या ऑलबोर्ग विमानतळाच्या मोहिमेवर निघालं. जर्मन लढाऊ विमानांनी त्याला खिळखिळं केलं. कसंबसं समुद्र ओलांडून ते इंग्लंडवर आलं, पण तळापासून बरंच उत्तरेला भरकटलं. संध्याकाळी पाचच्या सुमारास ते पार्कच्या झाडीत कोसळलं आणि पेटलं. वैमानिक जॉन क्रीगशॉसरसह एकही वाचला नाही.

शिळा बसली 1969 साली, पण स्मारक जगभर पोचलं ते एका झाडूमुळे. अपघाताच्या वेळी पार्कात खेळणारा एक मुलगा पुढे आजोबा झाला, तरी येऊन पानं झाडायचा, फुलं लावायचा. त्याची आठवण अशी : वैमानिक हात हलवून मुलांना बाजूला व्हायला सांगत होता, मुलांना वाटलं तो टाटा करतोय, म्हणून त्यांनीही हात हलवले. मग मुलं वाचावीत म्हणून त्यानं विमान झाडीत घातलं. आपल्यापायी दहाजण गेले, हा सल त्या आजोबांनी आयुष्यभर वागवला.

खरंच तसं घडलं? कॉकपिटमध्ये शेवटच्या क्षणी काय ठरलं हे सांगायला कोणी उरलं नाही, आणि शंका घेणारेही आहेत. मलाही तो हात थोडा दंतकथेतला वाटतो. झाडू मात्र खराच.

जानेवारी 2019 मध्ये बीबीसीचे निवेदक डॅन वॉकर यांना हे आजोबा पार्कात भेटले. विमानांनी या दहाजणांना सलामी द्यावी म्हणून वॉकर यांनी मोहीमच उघडली. 75व्या स्मृतिदिनी सकाळी हजारो लोक पार्कात जमले आणि अमेरिकी नि ब्रिटिश विमानं डोक्यावरून सलामी देत गेली. आजोबा खाली उभे राहून हात हलवत होते.

उतारावर दहाजणांच्या आठवणीसाठी ओकची झाडं लावली आहेत. पानगळीत त्यांचीच पानं खाली साचतात आणि पुन्हा झाडावी लागतात.