मिड-टॉवर कॅबिनेट

मिड-टॉवर कॅबिनेट म्हणजे डेस्कटॉप संगणकाचे सर्व सुटे भाग सामावून घेणारी, उभी ठेवायची मध्यम आकाराची पेटी होय. तिची उंची साधारणतः ४० ते ५० सेंटिमीटर असते. मदरबोर्ड, प्रक्रियक, ग्राफिक्स कार्ड, वीजपुरवठा एकक (एसएमपीएस), साठवणूक साधने आणि पंखे तिच्यात बसवले जातात. भारतीय बाजारात या पेटीला 'कॅबिनेट' हाच शब्द रूढ आहे. काही जुने वापरकर्ते संपूर्ण संगणकपेटीला 'सीपीयू' म्हणतात, परंतु सीपीयू हे केवळ प्रक्रियकाचे नाव आहे.

खेळांसाठी (गेमिंग) जोडल्या जाणाऱ्या संगणकांत मिड-टॉवर हा सर्वाधिक वापरला जाणारा आकार आहे. पूर्ण आकाराचा मदरबोर्ड आणि लांब ग्राफिक्स कार्ड त्यात मावते, आणि फुल-टॉवरच्या तुलनेत किंमत व जागा दोन्ही कमी लागतात. कॅबिनेटमुळे संगणकाचा वेग थेट वाढत नाही, म्हणून अंदाजपत्रकात त्याचा विचार बहुधा शेवटी होतो. मात्र आतील भाग किती तापतील, त्यांत किती धूळ साचेल, पुढे नवा भाग बसेल की नाही आणि संगणक हाताळणे कितपत सुरक्षित राहील, हे बऱ्याच अंशी कॅबिनेटवर ठरते.

इतिहास

१९८१ साली आलेल्या आयबीएम पर्सनल कॉम्प्युटरची पेटी आडवी होती आणि तिच्यावर मॉनिटर ठेवला जात असे. १९८७ मध्ये आयबीएमच्या पीएस/२ मालिकेतील मॉडेल ६० आणि मॉडेल ८० हे जमिनीवर उभे ठेवायचे संगणक आले. टेबलावरील जागा वाचत असल्याने उभ्या पेटीचा प्रसार पुढील दशकात वाढत गेला.

१९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक प्रसिद्ध केले. मदरबोर्डचा आकार, स्क्रूच्या छिद्रांच्या जागा, मागील जोडण्यांची चौकट आणि वीजपुरवठा एककाचे माप त्यामुळे निश्चित झाले. एका कंपनीचा मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसतो, तो या मानकामुळे. पुढे ध्वनिचित्र तबकड्यांचा वापर घटला व त्यांसाठीचे समोरचे खण नाहीसे झाले. त्या जागी पंखे आणि जाळी आली. मदरबोर्डवरच बसणाऱ्या एम.२ साठवणूक पट्ट्यांमुळे हार्ड डिस्कच्या खणांची संख्याही कमी झाली.

आकार व मापे

एटीएक्स मदरबोर्ड ३०५ × २४४ मिलिमीटर, मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४ मिलिमीटर, तर मिनी-आयटीएक्स १७० × १७० मिलिमीटर मापाचा असतो. मिड-टॉवरमध्ये हे तिन्ही आकार बसतात. 'मिड-टॉवर' या शब्दाची अधिकृत व्याख्या नसल्याने केवळ नावावर विसंबून न राहता पुढील मापे तपशीलपत्रकातून पाहावी लागतात:

ग्राफिक्स कार्डची लांबी : अनेक कार्डे ३०० मिलिमीटरपेक्षा लांब असतात. कॅबिनेटच्या पत्रकातील कमाल लांबी ही बहुधा समोर रेडिएटर नसताना मोजलेली असते.

कूलरची उंची : प्रक्रियकावरील एका मनोऱ्याचे वायुशीतक साधारणतः १५५ ते १६० मिलिमीटर उंच असते. कॅबिनेट अरुंद असल्यास बाजूचे झाकण लागत नाही.

वीजपुरवठा एककाची लांबी : एटीएक्स एककाची रुंदी १५० व उंची ८६ मिलिमीटर असते, परंतु लांबी १४० मिलिमीटरपासून पुढे बदलते. तारांसाठी त्यापलीकडे आणखी जागा लागते.

तारांची जागा : मदरबोर्डच्या तबकामागे तारा वळवण्यासाठी मोकळी जागा नसेल, तर मागील झाकण फुगते किंवा बसतच नाही.

उदाहरणार्थ, ३२० मिलिमीटर लांबीचे कार्ड ३५० मिलिमीटर जागा देणाऱ्या कॅबिनेटमध्ये सहज बसते. त्याच कॅबिनेटच्या समोर २७ मिलिमीटर जाडीचा रेडिएटर आणि २५ मिलिमीटर जाडीचा पंखा लावला, तर ५२ मिलिमीटर जागा कमी होऊन २९८ मिलिमीटर उरते आणि तेच कार्ड बसू शकत नाही. अशा वेळी रेडिएटर वरच्या बाजूस लावता येतो का, हे आधी पाहणे आवश्यक ठरते.

हवेचे अभिसरण

संगणक जितकी वीज वापरतो, ती जवळजवळ सर्व अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. खेळ चालू असताना संगणक ४०० वॅट वीज घेत असेल, तर तेवढीच उष्णता कॅबिनेटबाहेर जाणे आवश्यक असते. एक घनमीटर हवेचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढण्यास सुमारे १.२ किलोज्यूल ऊर्जा लागते. त्यामुळे आतील हवा बाहेरच्या हवेपेक्षा १० अंशांहून अधिक तापू द्यायची नसेल, तर दर मिनिटाला सुमारे २ घनमीटर हवा पेटीतून वाहिली पाहिजे. १२० मिलिमीटरचा साधा पंखा मोकळ्या हवेत मिनिटाला दीड घनमीटरच्या आसपास हवा ढकलतो. जाळी व गाळणीच्या अडथळ्यामुळे प्रत्यक्षात हा प्रवाह बराच घटतो. म्हणून समोर हवा आत घेणारे दोन पंखे आणि मागे हवा बाहेर टाकणारा एक पंखा, ही मध्यम क्षमतेच्या संगणकासाठी पुरेशी रचना मानली जाते.

समोरचा भाग काचेने किंवा अखंड प्लास्टिकने बंद असेल, तर आतील पंख्यांना बाजूच्या अरुंद फटींतूनच हवा ओढावी लागते. दिव्यांनी उजळलेले तीन पंखे काचेमागे दिसत असले, तरी त्यांची उपयुक्तता अशा वेळी कमी होते. स्वस्त कॅबिनेटमध्ये जाळीदार समोरचा भाग हा निवडीचा महत्त्वाचा निकष ठरतो.

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित अधिक असल्यास पेटीत धन दाब राहतो. मग हवा फटींतून आत न येता मुख्यतः गाळणी लावलेल्या मार्गानेच येते आणि धूळ कमी साचते. गाळणी न उलगडता काढून धुता येणे सोयीचे असते.

कमी किमतीच्या कॅबिनेटसोबत येणारे काही पंखे थेट वीजपुरवठ्याच्या मोलेक्स जोडणीला लावले जातात व सतत एकाच वेगाने फिरतात. मदरबोर्डला जोडता येणाऱ्या चार टाचण्यांच्या पंख्यांचा वेग तापमानानुसार बदलतो, त्यामुळे आवाज कमी होतो. दिव्यांच्या जोडण्यांतही फरक असतो: १२ व्होल्टची चार टाचण्यांची आणि ५ व्होल्टची तीन टाचण्यांची जोडणी परस्परांत बदलल्यास दिवे जळू शकतात.

धातू व बांधणी

कॅबिनेटचा सांगाडा प्रायः पोलादी पत्र्याचा असतो. स्वस्त प्रकारांत पत्रा सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असतो. असा पत्रा सहज वाकतो, पंख्यांबरोबर कंप पावतो, आणि वजनदार ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर मागील कप्प्याची चौकट किंचित झुकते. कापलेल्या कडा दुमडलेल्या नसतील, तर जोडणी करताना हात कापण्याचा धोका असतो.

मागील बाजूच्या विस्तारपट्ट्या दोन प्रकारच्या असतात. स्क्रूने बसवलेल्या पट्ट्या काढून पुन्हा लावता येतात. पत्र्यातूनच तोडायच्या पट्ट्या एकदा तोडल्या की ती फट कायम उघडी राहते. महाराष्ट्रातील घरांत अशा फटींतून झुरळे, मुंग्या व पाली आत शिरतात. फिरत्या पंख्यात किंवा विजेच्या जोडण्यांत त्या अडकल्यास बिघाड होऊ शकतो.

बाजूची कठीण केलेली काच सपाट दाबाला मजबूत असली, तरी तिची कड फरशीवर टेकताच ती चुरा होऊन फुटू शकते. काढलेली काच कापडावर किंवा पुठ्ठ्यावर आडवी ठेवली जाते.

अतिवृष्टीच्या प्रदेशातील विचार : मावळ

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका कॅबिनेटच्या निवडीवर हवामानाचा परिणाम कसा होतो, याचे स्पष्ट उदाहरण आहे. मळवली हे मध्य रेल्वेच्या पुणे–लोणावळा उपनगरी मार्गावर लोणावळ्याच्या लगतचे स्थानक असून कार्ले व भाजे लेणी आणि लोहगड–विसापूर किल्ले त्याच्या परिसरात आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावरील लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पुणे शहरात तो सुमारे ७०० मिलिमीटर असतो. जून ते सप्टेंबर या काळात मळवली–लोणावळा पट्ट्यात भिंतींना ओल येते, लाकूड फुगते आणि कपड्यांना, पुस्तकांना बुरशी लागते.

या दमटपणाचा संगणकावर होणारा परिणाम तो चालू आहे की बंद, यावर अवलंबून असतो. चालू संगणकातील भाग खोलीपेक्षा उबदार असल्याने त्यांच्यावर दव साचत नाही. धोका बंद ठेवलेल्या संगणकाला अधिक असतो. पावसाळ्यात महिनोन्‌महिने बंद राहणाऱ्या बंगल्यांत पत्र्याच्या कापलेल्या कडा, स्क्रू आणि विस्तारपट्ट्या प्रथम गंजतात. वातानुकूलित दुकानातून किंवा गाडीतून आणलेला थंड संगणक दमट खोलीत लगेच चालू केल्यास त्याच्या पृष्ठभागावर साचलेले पाणी अपाय करू शकते. तो खोलीच्या तापमानास येईपर्यंत बंद ठेवणे इष्ट असते.

कोरड्या महिन्यांत प्रश्न धुळीचा असतो. कच्चे रस्ते, शेते आणि मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग या परिसरात आहेत. उन्हाळ्यात उष्णताशोषकाच्या पात्यांत बसलेली धूळ पावसाळ्यात ओलावा धरते आणि तिचा चिकट थर बनतो, जो फुंकून निघत नाही. म्हणून अशा ठिकाणी मे महिन्याच्या अखेरीस, पावसापूर्वी, आतील सफाई करणे अधिक उपयोगी पडते.

या परिस्थितीत जस्ताचा थर दिलेला किंवा सर्व बाजूंनी नीट रंगवलेला पत्रा, काढता येणाऱ्या गाळण्या, पुन्हा लावता येणाऱ्या विस्तारपट्ट्या आणि पेटी जमिनीपासून उचलून धरणारे उंच पाय हे गुण रंगीत दिव्यांपेक्षा मोलाचे ठरतात. कॅबिनेट ओल आलेल्या भिंतीपासून दूर, टेबलावर किंवा चौरंगावर ठेवले जाते. प्लास्टिकचे आवरण घातल्यास आतील ओलावा कोंडला जातो. सुती कापड अधिक योग्य ठरते. आठवड्यातून काही वेळ संगणक चालू ठेवल्याने आतील भाग कोरडे राहतात.

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे. तेथील हवा किनाऱ्यापेक्षा काही टक्क्यांनी विरळ असली, तरी या फरकाचा शीतनावरील परिणाम अल्प असतो.

विद्युत सुरक्षितता

पोलादी कॅबिनेट वीजपुरवठा एककामार्फत तीन टाचण्यांच्या प्लगमधील अर्थिंगला जोडलेले असते. घरात अर्थिंग नसल्यास किंवा दोन टाचण्यांचा जोड वापरल्यास एककातील गाळणी-संधारित्रांमुळे कॅबिनेटच्या धातूवर मुख्य दाबाच्या सुमारे निम्मा, म्हणजे २३० व्होल्टच्या पुरवठ्यात ११५ व्होल्टच्या आसपास, दाब येतो. प्रवाह अत्यल्प असल्याने उघड्या स्क्रूला हात लागताच केवळ मुंग्या आल्यासारखे वाटते. अनेकदा हा दोष कॅबिनेटचा समजून ते बदलले जाते. वस्तुतः ती घरातील अर्थिंग नसल्याची खूण असते. अशा घरात एककातील विद्युतरोधन निकामी झाल्यास पूर्ण दाब धातूवर येऊन जीवघेणा धक्का बसू शकतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभे असताना हा धोका वाढतो. अर्थिंगची तपासणी व दुरुस्ती परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून करून घ्यावी लागते.

कॅबिनेटच्या रचनेतील दोषही गंभीर ठरू शकतो. एनझेडएक्सटी या कंपनीचे एच१ हे लहान आकाराचे कॅबिनेट फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेत परत मागवण्यात आले. त्यातील विस्तारपट्टी धातूच्या सांगाड्याला जोडणाऱ्या स्क्रूंमुळे विद्युतमंडल संक्षेपित होऊन आग लागण्याची शक्यता होती.

खर्च व खरेदी

भारतात २०२० नंतरच्या काळात पंख्यांसह येणारी साधी मिड-टॉवर कॅबिनेटे साधारणतः ३,००० ते ६,००० रुपयांच्या दरम्यान मिळतात. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळील लॅमिंग्टन रोड (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) आणि पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली व तिचा परिसर इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारपेठा म्हणून ओळखले जातात. दुकानात पत्रा दाबून पाहणे, कडा व गाळण्या तपासणे शक्य होते. ऑनलाइन खरेदीत काच फुटून येण्याचा धोका राहतो.

काही स्वस्त कॅबिनेटे एसएमपीएससह विकली जातात. कार्यालयीन संगणकासाठी असे एकक चालू शकते. मात्र त्यावर छापलेली क्षमता आणि प्रत्यक्ष सातत्याने मिळणारी क्षमता यांत तफावत असू शकते. ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकासाठी एसएमपीएस स्वतंत्रपणे घेणे योग्य मानले जाते. '८० प्लस' हे चिन्ह एककाची कार्यक्षमता दर्शवते. तेवढ्यावरून संरक्षक मंडलांचा दर्जा सिद्ध होत नाही.

मर्यादित खर्चात कॅबिनेटवरील बचत आणि भविष्यातील उपयोग यांचा मेळ घालावा लागतो. मदरबोर्ड व प्रक्रियक काही वर्षांत कालबाह्य होतात, परंतु एटीएक्स मानकाचे चांगले कॅबिनेट दोन-तीन संगणकांना पुरू शकते. याच कारणाने जुने, न गंजलेले, जाड पत्र्याचे कॅबिनेट नव्या जाळीदार पंख्यांसह वापरणे हा कमी खर्चाचा पर्याय ठरतो. अशा वेळी समोरील यूएसबी जोडण्यांचा प्रकार आणि ग्राफिक्स कार्डसाठीची लांबी प्रथम तपासली जाते.

वाहतूक व विल्हेवाट

जोडलेला संगणक लोकल गाडीतून किंवा दुचाकीवरून नेताना जड ग्राफिक्स कार्ड व मोठे वायुशीतक काढून वेगळे ठेवले जाते, कारण धक्क्यांनी मदरबोर्डवरील खाच तुटू शकते. काच असलेली बाजू वर ठेवून कॅबिनेट आडवे नेणे सुरक्षित असते.

निकामी कॅबिनेटचा पोलादी पत्रा भंगारात पुनर्वापरासाठी घेतला जातो. मात्र आतील विद्युतमंडले व वीजपुरवठा एकक हा ई-कचरा असून त्याला ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ लागू होतात. हे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले आहेत. त्यामुळे पत्रा भंगारात देण्यापूर्वी हे भाग काढून अधिकृत संकलन केंद्राकडे देणे अपेक्षित असते.